चौकटीच्या उजव्या कडेचा भाऊ : हर्मिटेज संग्रहालयातील २५४ क्रमांकाचे दालन

सेंट पीटर्सबर्गला जाणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांच्या कार्यक्रमात हर्मिटेज संग्रहालय असतेच. परंतु सहलीच्या गटाला तेथे जो वेळ मिळतो, तो बहुधा जॉर्डन जिना, मोराचे सोनेरी घड्याळ आणि लिओनार्दोच्या नावावरील दोन मॅडोना एवढ्यातच संपून जातो. न्यू हर्मिटेज या संग्रहालयाच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर, म्हणजे रशियन मोजणीप्रमाणे दुसऱ्या मजल्यावर, २५४ क्रमांकाचे दालन आहे. तेथे डच चित्रकार रेम्ब्रांटचे ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’ हे चित्र लावलेले आहे, आणि साऱ्या सहलीत एखाद्या जागेसाठी वेगळा वेळ राखून ठेवायचा असेल, तर तो येथे ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. हा अभिप्राय त्या दालनाविषयी, त्या चित्राविषयी आणि ते पाहण्यासाठी मी पैसे देऊन मोबाइलवर घेतलेल्या एका खासगी ध्वनिमार्गदर्शनाविषयी आहे. दालनाला आणि चित्राला मी पाचपैकी पाच गुण देते, ध्वनिमार्गदर्शनाला दोन. ध्वनिमार्गदर्शनात तांत्रिक दोष काही नव्हता. आवाज स्वच्छ होता, माहितीही बरीच होती. पण येशूच्या ज्या दृष्टांतावर हे चित्र बेतले आहे, त्याचा अर्धाच भाग त्यात सांगितला जातो, आणि गाळलेला अर्धा भाग असा आहे की मुळात त्याच्याचसाठी हा दृष्टांत सांगितला गेला.

दृष्टांत लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात, ११ ते ३२ या वचनांत येतो. इतर तीन शुभवर्तमानांत तो नाही. धाकटा मुलगा बाप हयात असतानाच वाटणी मागतो. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातील नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा मिळत असे, म्हणजे दोन भावांत धाकट्याच्या पदरी एक तृतीयांश येई. तेवढे घेऊन तो दूर देशी जातो, चैनीत सारे उडवतो, तेवढ्यात दुष्काळ पडतो आणि त्याच्यावर डुकरे राखण्याची पाळी येते. यहुदी श्रोत्यांच्या लेखी माणूस याहून खाली जाऊ शकत नव्हता. तेथे तो भानावर येतो. हे भानावर येणे आपण फार उदात्त करून सांगतो, पण लूकने ते भुकेपासून सुरू केले आहे: बापाच्या घरी मजुरांनाही भाकरी पुरून उरते आणि मी येथे उपाशी मरतो आहे. मग तो बापापुढे म्हणायचे शब्द मनात जुळवतो. मी पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिली नाही, मला एका मजुरासारखे ठेवून घ्या. प्रत्यक्षात मात्र बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो, आणि मुलाने जुळवून आणलेल्या शब्दांतला शेवटचा, मजुरीचा भाग त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही, कारण तेवढ्यात बाप चाकरांना झगा, अंगठी आणि पायताण आणायला आणि पोसलेले वासरू कापायला सांगून मोकळा झालेला असतो.

वसई परिसरातील आम्हा कॅथलिकांना ही कथा लहानपणापासून पाठ असते. तीन वर्षांच्या वाचनचक्रातील ‘क’ वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, चौथ्या रविवारी मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) हेच शुभवर्तमान वाचले जाते, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मी स्वतः ते मुलांना शिकवत आले आहे. पुष्कळदा प्रवचनाचा सगळा भर धाकट्यावर असतो: चुकलेल्याने परत यावे, कन्फेशनला (धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला) जावे, बाप वाट पाहतो आहे. हे खरे आहे आणि ज्याला त्याची गरज आहे, त्याच्यासाठी ते अमृतासारखे आहे. परंतु अध्यायाच्या सुरुवातीच्या दोन वचनांत लूकने प्रसंग नीट नोंदवला आहे. जकातदार आणि पापी लोक येशूचे ऐकायला जवळ येत होते आणि परुशी व शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मनियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे लोक, कुरकुर करत होते की हा अशा लोकांच्या पंक्तीला बसतो. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा हे तिन्ही दृष्टांत त्या कुरकुरीला दिलेले उत्तर आहे. म्हणजे ज्यांना उद्देशून कथा सांगितली जात होती, ते धाकट्यासारखे नव्हतेच. ते नेमाने वागणारे, उपास-प्रार्थना चुकवणारे नसलेले, घर न सोडलेले लोक होते. त्यांच्यासाठी कथेत थोरला भाऊ आहे. तो शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, चाकराला विचारतो, रागावतो आणि घरात पाऊल टाकत नाही. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. थोरला म्हणतो, इतकी वर्षे तुमची चाकरी केली, एक शब्द मोडला नाही, पण मित्रांबरोबर मजा करायला मला कधी एक करडू दिले नाहीत. धाकट्याने पैसा वेश्यांवर उडवला, असेही तोच म्हणतो. निवेदनात तोवर तसे कोठेही आलेले नाही, ती भर थोरल्याने आपल्या रागातून घातलेली आहे. बाप त्याला समजावतो आणि तेथेच कथा थांबते. थोरला आत गेला की बाहेरच उभा राहिला, हे येशूने सांगितलेले नाही.

या चित्राच्या ज्या छापील प्रती आपल्याकडे चर्चच्या सभागृहात, निवृत्ती-साधनेच्या केंद्रात किंवा प्रार्थनेच्या पत्रिकेवर दिसतात, त्यांपैकी फार थोड्यांत पूर्ण चित्र असते. बहुतेक प्रतींत डावीकडचा भाग तेवढा ठेवलेला असतो: लाल उपरणे पांघरलेला म्हातारा बाप, त्याच्या छातीशी डोके टेकून गुडघ्यांवर बसलेला मुलगा आणि त्याच्या पाठीवरचे दोन हात. मीही अनेक वर्षे तेच चित्र म्हणून ओळखत होते. मूळ चित्र २६२ सेंटिमीटर उंच आणि २०५ सेंटिमीटर रुंद आहे, आकृती जवळपास माणसाच्या उंचीच्या आहेत, आणि दालनात शिरल्यावर बापाइतकीच नजरेत भरते ती उजवीकडे सरळ उभी असलेली, लांब दाढीची, हातात काठी धरलेली दुसरी व्यक्ती. तिच्याही अंगावर लाल झगा आहे. तिच्याही चेहऱ्यावर उजेड पडला आहे. तिला आणि बाप-लेकाच्या जोडीला वेगळे करणारी अंधाराची एक रुंद पट्टी मध्ये आहे, आणि त्या पट्टीत मागे अंधुक चेहरे आहेत. हा थोरला भाऊ आहे असे परंपरेने मानले जाते. लूकच्या कथेप्रमाणे धाकटा परत येतो त्या क्षणी थोरला शेतात असतो. तेव्हा त्याला येथे उभे करताना रेम्ब्रांटने कथेतले दोन प्रसंग एकत्र आणले आहेत. छपाईत चित्र कापणाऱ्यांनी नेमकी त्याचीच ही निवड रद्द केली.

जवळून पाहण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण मी येथे एकच सांगते. गुडघ्यांवर बसलेल्या मुलाचे दोन्ही तळपाय आपल्याकडे आहेत. डाव्या पायातले पायताण गळून मागे पडले आहे आणि उघडा तळवा दिसतो. उजव्या पायातले अजून पायात आहे, पण त्याची टाच झिजून गेलेली आहे. रेम्ब्रांटने तो तळवा इतका दाट रंग देऊन रंगवला आहे की कातडीवरचा मळ आणि घट्टे वेगळे दिसतात. कपडे फाटलेले, डोके कैद्यासारखे भादरलेले, आणि तरीही कमरेला एक छोटी कट्यार लटकते आहे. इतके सगळे गेले, ही मात्र त्याने विकली नाही. बापाच्या घराण्याची ती एवढीच खूण त्याच्याजवळ उरली असावी, असे मला वाटले. बापाचे डोळे जवळजवळ मिटलेले आहेत. तो पाहत नाही, चाचपतो. त्याचा एक हात रुंद आणि पक्का, दुसरा मऊ आहे. प्रतींमध्ये हे दोन हात सारखेच वाटतात.

रेम्ब्रांटने हा विषय उतारवयात एकदम हाती घेतलेला नाही. १६३६ सालचे याच प्रसंगाचे त्याचे एक कोरीव मुद्राचित्र आहे, आणि साधारण त्याच सुमारास त्याने स्वतःलाच उधळ्या पुत्राच्या रूपात, मांडीवर पत्नी सास्किया आणि हातात उंचावलेला पेला अशा थाटात रंगवले. ते चित्र ड्रेस्डेनच्या संग्रहात आहे. त्या वेळी तो तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि अॅमस्टरडॅममध्ये त्याचे नाव होते. पुढे १६४२मध्ये सास्किया गेली, १६५६मध्ये त्याचे दिवाळे निघाले, घर आणि संग्रह विकले गेले, १६६३मध्ये त्याची सोबतीण हेंड्रिक्ये गेली आणि १६६८मध्ये मुलगा टायटस. हर्मिटेजमधील चित्र सुमारे १६६८चे मानतात. १६६९च्या ऑक्टोबरात चित्रकार स्वतः गेला. पेला उंचावणाऱ्या तरुणापासून या तळव्यापर्यंतचे अंतर तीस-बत्तीस वर्षांचे आहे, आणि ज्याला ड्रेस्डेनचे चित्र ठाऊक आहे, त्याला येथे एकाच माणसाने त्याच कथेत आपली जागा बदलल्याचे दिसते. महाराणी दुसऱ्या कॅथरीनसाठी हे चित्र १७६६मध्ये पॅरिसमध्ये खरेदी झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य लेनिनग्राडवर (सेंट पीटर्सबर्गचे तेव्हाचे नाव) चालून आले, तेव्हा संग्रहातील चित्रे आगगाडीने उरल पर्वताकडे, स्वेर्दलोव्स्कला हलवली गेली आणि वेढ्याच्या काळात भिंतींवर रिकाम्या चौकटी टांगलेल्या राहिल्या.

आमच्या गटात कराडकडचे एक वयस्क शेतकरी होते. ख्रिस्ती नव्हते, कथा त्यांना ठाऊक नव्हती, आणि त्यांनी जे विचारले ते मला इतक्या वर्षांत वर्गातल्या कोणी विचारले नव्हते.

“ताई, हा उजवीकडं उभा आहे, तो कोण?”

“थोरला मुलगा, काका.” मी त्यांना कथा थोडक्यात सांगितली.

“म्हणजे वाटणी आधीच झालेली होती?”

“हो. धाकट्यानं त्याचा वाटा नेला होता.”

“मग आता राहिलं ते सगळं थोरल्याचंच की. वासरू पण त्याचंच कापलं.” त्यांनी चित्राकडे पुन्हा पाहिले. “ह्याचं चुकलं कुठं?”

काकांचे म्हणणे कथेच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. बाराव्या वचनात बापाने दोघांना मालमत्ता वाटून दिली असे स्पष्ट म्हटले आहे, आणि शेवटी बाप थोरल्याला सांगतो की माझे जे आहे ते सगळे तुझेच आहे. तो झगा, ती अंगठी, ते वासरू, हा सगळा खर्च थोरल्याच्या वाट्यातून होतो आहे. ज्या घरांत बाप असतानाच वाटण्या झाल्या आणि एका भावाने रान राखले, त्या घरांतल्या माणसाला हे लगेच कळते. आम्हाला धर्मशिक्षणात ते कोणी दाखवले नव्हते. आणि मग दृष्टांतातला बदल कोणाकडून मागितला जातो आहे, हा प्रश्न साधा राहत नाही. धाकट्याला बदलायला भूक पुरली. थोरल्याने बदलायचे तर त्याला स्वतःच्या मालकीचे काहीतरी सोडावे लागणार आहे, तेही अशा माणसासाठी, ज्याने ते मिळवण्यासाठी काही केले नाही. त्याचे चुकले असे येशूही म्हणत नाही. बाप त्याला एका शब्दाने रागावत नाही. दोन्ही मुलांसाठी तो घराबाहेर येतो, एकासाठी धावत आणि दुसऱ्यासाठी मेजवानी सोडून, आणि एवढे करून निर्णय थोरल्यावर ठेवतो. काकांना मी हे सगळे दालनात सांगू शकले नाही, संध्याकाळी जेवताना आमचे त्यावर सविस्तर बोलणे झाले, आणि “थोरला आत गेला का?” हे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

या दृष्टांताचा दोन हजार वर्षांचा प्रवास पाहिला, तर थोरल्याला गाळण्याची किंवा दुसऱ्यावर ढकलण्याची खटपट फार जुनी आहे असे दिसते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाला या कथेचीच भीती वाटली होती. मोठे पाप करून परत आलेल्या ख्रिस्ती माणसाला चर्चने पुन्हा सामावून घ्यावे काय, हा वाद चालू होता, आणि त्याने आग्रहाने मांडले की हा धाकटा म्हणजे चुकलेला ख्रिस्ती नव्हेच, तो अन्यधर्मीय. नाहीतर लोक बिनधास्त उधळतील आणि परत येऊन झगा मागतील. त्याचा युक्तिवाद वाचताना थोरला भाऊच बोलतो आहे असे वाटते. पुढे संत ऑगस्टीननेही धाकट्यात परराष्ट्रीय आणि थोरल्यात इस्राएल पाहिले. हा अर्थ शतकानुशतके चालला आणि त्याचे दोन परिणाम झाले: यहुदी लोकांविषयीच्या आकसाला शुभवर्तमानाचा आधार मिळाला, आणि चर्चमध्ये बसलेल्या नेमस्त ख्रिस्ती माणसाची त्या अंगणात उभे राहण्यातून सुटका झाली. या दोन्ही गोष्टींची मला खंत वाटते.

रशियात या कथेचे वजन वेगळे आहे, आणि म्हणून हे चित्र याच शहरात पाहण्याला अर्थ आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवासाच्या आधी तयारीचे जे रविवार असतात, त्यांतला एक उधळ्या पुत्राच्याच नावाचा आहे, आणि त्या दिवसापासून प्रार्थनेत बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचे स्तोत्र गायले जाते: घर सोडून दूर देशी पडलेला मुलगा आणि देशोधडीला लागलेले लोक एकत्र आठवले जातात. पुश्किनच्या १८३१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टपालचौकीचा अधिकारी’ या कथेत चौकीच्या भिंतीवर या दृष्टांताची चार स्वस्त चित्रे टांगलेली आहेत. कथेत घर सोडते ती मुलगी, पीटर्सबर्गला ती सुखात राहते, आणि बापच तिला परत आणायला शहरात येऊन हात हलवत माघारी जातो. ती परतते तेव्हा बाप मातीत गेलेला असतो. पुश्किनने भिंतीवरच्या शेवटच्या चित्राचे वर्णन करताना मागे उभा राहून चाकरांना विचारणा करणारा थोरला भाऊ आवर्जून नोंदवला आहे. याउलट याच शहरात शिकलेल्या प्रोकोफिएवच्या संगीतावर आणि येथेच जन्मलेल्या बालांचिनच्या नृत्ययोजनेवर १९२९मध्ये पॅरिसला जो ‘उधळा पुत्र’ हा बॅले सादर झाला, त्यात थोरला भाऊ नाहीच. त्याच्या जागी दोन बहिणी आहेत. मंचावर बाप हात पसरतो, मुलगा गुडघ्यांवर सरपटत येऊन त्याच्या कुशीत चढतो आणि पडदा पडतो. प्रसंग हेलावून टाकणारा आहे, पण तेथे कोणालाच काही सोडावे लागत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला येथे आणखी एक कथा आठवेल. सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात असाच घर सोडून गेलेला, दरिद्री झालेला मुलगा आणि त्याला ओळखणारा श्रीमंत बाप आहे. तेथला बाप आपली ओळख लपवतो, मुलाला उकिरडा साफ करण्याच्या कामावर ठेवतो, वीस वर्षे हळूहळू त्याचा धीर वाढवतो आणि मरणाच्या आधी सर्वांसमोर सांगतो की हा माझा मुलगा. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की लूकच्या कथेतली धिटाई नीट दिसते. बौद्ध सूत्रातला बाप मुलगा तयार होईपर्यंत थांबतो. त्यात फार मोठी करुणा आहे आणि मानवी मनाची समजही जास्त आहे, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. लूकचा बाप अंगठी आधी देतो. मुलगा खरोखर बदलला आहे का, पुन्हा उधळणार तर नाही ना, याची खात्री करून घ्यायला तो थांबत नाही. तर्तुलियनला आणि थोरल्याला जी धास्ती वाटली, ती म्हणूनच निराधार म्हणता येत नाही. या दृष्टांतात बदल हा स्वीकाराची अट नसून स्वीकारानंतर सुरू होणारी गोष्ट आहे, आणि तो सुरू झाला की नाही हे धाकट्याबाबतही आपल्याला सांगितलेले नाही. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात काय झाले असेल, याचा विचार मी तेव्हापासून बरेचदा करते.

आता ध्वनिमार्गदर्शनाविषयी. दालनातील इतर चित्रांसाठी ते उपयोगी पडले, हे मी नाकारत नाही. ‘डॅनाए’ या चित्रावर १९८५मध्ये एका माणसाने आम्ल फेकले आणि ते १९९७मध्ये पुन्हा दर्शनासाठी लावले गेले, ही हकिगत त्यात नेटकी सांगितली आहे. ‘फ्लोरा’ आणि ‘वधस्तंभावरून उतरवणे’ यांवरचे भागही चांगले आहेत. ‘उधळ्या पुत्रा’वरचा भाग मात्र रंग, उजेड, बापाचे हात आणि पश्चात्ताप यांवर संपतो. उजवीकडच्या उंच आकृतीला त्यात केवळ ‘साक्षीदारांपैकी एक’ म्हटले आहे. चित्राच्या जवळजवळ एक तृतीयांश रुंदीवर जो माणूस उभा आहे, त्याचा परिचय इतक्यावर भागवणे मला मान्य नाही. ज्याला कथा ठाऊक नाही, तो हे ऐकून एक हृद्य कौटुंबिक प्रसंग पाहून बाहेर पडेल. ज्याला कथा ठाऊक आहे, तो जे घेऊन आला तेच घेऊन जाईल. पैसे देऊन घेतलेल्या सेवेकडून मला एवढी अपेक्षा होती की, तिने मला माझ्या नेहमीच्या ऐकण्यापलीकडे एक पाऊल न्यावे. ते काम काकांच्या प्रश्नाने केले.

काही व्यावहारिक गोष्टी. संग्रहालय सोमवारी बंद असते. भारतीय पर्यटकांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो, पण भारतात दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे तेथे चालत नाहीत. रोख रकमेची सोय करूनच निघावे. संग्रहालयात शिरल्यावर कर्मचाऱ्यांना ‘२५४’ हा आकडा कागदावर लिहून दाखवला की रस्ता लगेच कळतो. चित्राच्या वार्निशवर खिडकीकडचा उजेड पडत असल्याने अगदी समोर उभे राहिल्यास वरचा भाग चमकतो. थोडे डावीकडे सरकले की बापाचा चेहरा, आणि थोडे उजवीकडे व मागे गेले की थोरल्याचा चेहरा नीट दिसतो. म्हणून एका जागी उभे न राहता दोन्हीकडून पाहावे. गट आले की दोरीजवळ गर्दी होते, पण ते फार वेळ थांबत नाहीत. त्यांना जाऊ द्यावे. कमीत कमी पाऊण तास हाताशी ठेवावा.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी घरी कथा सांगावी आणि थोरल्याच्या भागापर्यंत सांगावी; मुलांना भावंडांतला अन्याय फार लवकर कळतो आणि ती नेमके प्रश्न विचारतात. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनी हे आपले चित्र नव्हे असे समजून दालन टाळू नये. चित्राची प्रत विकत घ्यायची असल्यास उंची आणि रुंदीचे प्रमाण पाहावे: मूळ चित्र उंचीच्या सुमारे पाऊणपट रुंद आहे, आणि त्याहून बरीच अरुंद प्रत असेल तर उजवी बाजू कापली गेली आहे असे खुशाल समजावे. ध्वनिमार्गदर्शन मी पुन्हा घेणार नाही. त्याऐवजी लूकचा १५वा अध्याय, पहिल्या वचनापासून, मराठीत एका कागदावर छापून सोबत न्यावा आणि दालनातच वाचावा. तो वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत.